उलट्या पायाचा पावणा आणि अप्पाचा अंगठा

आमची टॉकीज पाडली तेव्हा भिंतीवरची पोस्टरं निघेनात. एकावर एक चिकटवलेली, खळीनं घट्ट झालेली, गोधडीएवढी जाड थप्पी. जेसीबीवाल्यानं जोर लावून ओढली तर पोस्टरं तशीच राहिली आणि भिंत निघून आली! आमचे किस्से तसलेच आहेत. एक ओढायला जावं तर त्याच्या खालचा वर येतो, आणि मूळ भिंत कुठली ते कळत नाही.

माझा जन्म त्या टॉकीजच्या दारात गेला. तिकीट फाडायचं, बॅटरी मारून खुर्ची दाखवायची, मध्येच उठणाऱ्याला शिव्या घालायच्या. आता संध्याकाळी चहाच्या गाड्यावर आम्ही तिघं बसतो. मी, मशीन चालवणारा दत्तू ऑपरेटर आणि पोस्टरं चिकटवणारा शिवाप्पा. त्याला सगळे अप्पा म्हणतात. कुणी नवीन माणूस शेजारी टेकला की आम्ही एकच विषय काढतो. ‘उलट्या पायाचा पावणा’!

ज्यांनी हा पिक्चर बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, त्यांनी जरा लाज बाळगून ऐकावं. एक म्हातारा मरतो. वर्षाच्या आत उरकायचं म्हणून पोरगा घाईनं स्वतःचं लग्न काढतो, आणि बापाच्या फोटोपुढं साधी पत्रिकासुद्धा ठेवत नाही. मग म्हातारा भूत होऊन पावणा म्हणून मांडवात येतो, पंगतीत बसतो, आमटीला नावं ठेवतो आणि उठतच नाही. “जेवल्याबिगर मी जात न्हाय!” बास. एवढाच पिक्चर. ह्यात काय आहे असं मला विचाराल तर काही नाही. भुताच्या मिशा दोन सीनमध्ये दोन तऱ्हेच्या आहेत. तरी माणसं येतात, येतच राहतात, आणि भुताच्या आधी स्वतःच डायलॉग म्हणतात. मग तिकीट कशाला काढता? घरी बसून म्हणा की!

* * *

मालकांनी त्या पिक्चरची प्रिंट कायमची घेऊन ठेवली होती. दरवर्षी सर्वपित्री अमावस्येला मॅटिनी. घरी पितरांचं पान ठेवायचं, कावळ्याची वाट बघायची, स्वतः तुडुंब जेवायचं आणि टॉकीजला यायचं. हा कोल्हापूरचा नवा श्राद्धविधी. भटजीला विचारलं नव्हतं कुणी.

एका वर्षी मुरगूडचा एक गडी आला. एकटा, पण हातात दोन तिकिटं.

“दुसरं माणूस कुठं हाय?” मी विचारलं.

“आलंय की,” म्हणाला. “आमचा बा. गेल्या साली गेला. ह्यो पिक्चर बघायचा म्हणत हुता, ऱ्हाऊन गेलं.”

मी दोन्ही तिकिटं फाडली. काय करणार? नियम म्हणजे नियम.

हाऊसफुल्ल झालं. एक पेठेतला पैलवान उभा होता, त्याला ती मोकळी खुर्ची दिसली. जाऊन बसला. मुरगूडकर शांतपणे म्हणाला, “उठा पावणं. आमच्या बाच्या मांडीवर बसलायसा.”

पैलवान पाय न वाजवता उठला आणि पूर्ण पिक्चर उभ्यानं बघितला. इंटर्वलला मला हळूच म्हणाला, “मामा, माफी कुणाकडं बघून मागायची?”

* * *

आता कोल्हापूरची खोड. हा पिक्चर पन्हाळ्यावर शूट झाला, त्यामुळं इथला प्रत्येक म्हातारा ‘त्या पंगतीत मी हुतो’ म्हणून सांगतो. पंगत पडद्यावर चार पानांची दिसते. सांगणारे मोजले तर अख्खा पन्हाळा भरेल. एवढी माणसं खरंच जेवली असती तर निर्माता पहिल्या दिवशीच भूत झाला असता!

अप्पा मात्र पंगतीत होतो म्हणत नाही. अप्पा म्हणतो, “पाय माझं हाईत.”

सगळ्यात गाजलेला सीन तो. भूत रुसून निघून जातंय, आणि त्याचे पाय मात्र आपल्याकडं तोंड करून आहेत. गुडघ्याच्या खालचंच दिसतं. ओल्या मातीवर दोन अनवाणी पाय, बोटं आपल्याकडं, आणि ते लांब लांब जातायत.

अप्पाचं म्हणणं असं. तो आजऱ्याकडचा. युनिटच्या स्वयंपाक्याबरोबर तांदळाची पोती घेऊन वर गेलता. तोंड कॅमेऱ्याकडं ठेवून उलटं चालायचं होतं, आणि भुताचं काम करणारा नट मुंबईचा. पन्हाळ्याचा उतार, त्यात चिखल. दोन पावलं टाकली की गडी बसकण मारायचा. मांडवातल्या बाया हसायला लागल्या. डायरेक्टर डोक्याला हात लावून बसला. अप्पा भाताच्या टोपाजवळनं म्हणाला, “ह्यात काय हाय अवघड?”

अवघड नव्हतंच. आजऱ्याकडं पोरगं चालायला लागलं की भातलावणीला उतरतं, आणि रोप लावत लावत चिखलातनं मागं मागंच सरकायचं असतं. पुढं चालणं ही माणसं नंतर शिकतात! अप्पा धोतर वर खोचून असा सरसर मागं गेला, की डायरेक्टर ‘कट’ म्हणायचं विसरला. अप्पा चालतच राहिला. शेवटी तटबंदीला पाठ लागली तेव्हा थांबला.

“मग पिक्चरच्या सुरवातीच्या पाट्यांत नाव न्हाय दिलं?” आम्ही विचारायचो.

“म्हणलं हुतं देतो,” अप्पा म्हणायचा. “पाट्या आधीच रंगवून झालत्या म्हणं.”

त्या पायांच्या जोरावर तो आमच्या टॉकीजला नोकरीला लागला, असं तो सांगतो. मालक सांगायचे, खळ बरी करतो म्हणून घेतला.

* * *

आता दत्तू. दत्तूची जीभ म्हणजे दाढीचं पातं. कुणाचंही चांगलं झालेलं त्याला पचत नाही. आम्हा दोघांचं जमतं ते त्यामुळंच.

फिल्म तुटली की पब्लिक शिट्ट्या मारतं, खुर्च्या आपटतं, ऑपरेटरच्या आईबापाचा उद्धार करतं. तेवढ्यात अंधाऱ्या केबिनमध्ये तुटलेली टोकं खरवडायची, चिकटवायची आणि मशीन चालू करायचं. दत्तू हे काम वाघासारखं करायचा. एकदा एका गोड कौटुंबिक पिक्चरचा तुकडा घाईत उलट्या अंगानं जोडला. पडद्यावर हिरो डाव्या हातानं जेवायला लागला आणि मागच्या दुकानाची पाटी उलटी दिसायला लागली, वर बोलणंही गेलं. पब्लिक ओरडलं. दत्तूनं केबिनच्या झरोक्यातनं तोंड काढलं आणि म्हणाला, “आरशात बघा, सरळ दिसंल!”

हाच दत्तू अप्पाचा वैरी. कारण असं, की पडद्यावर त्या भुताच्या एका अंगठ्याला नख नाही. स्वच्छ दिसतं. आणि अप्पाच्या अंगठ्यालाही नाही. लहानपणी लावणीत बैलानं पाय दिला, नख गेलं ते गेलंच. आता तुम्ही म्हणाल, झालं की सिद्ध. न्हाय! पडद्यावर नख नसलेला अंगठा डाव्या पायाचा. अप्पाचा उजव्या.

अप्पानं एकदा अक्कल लढवली. “भुताचं पाय उलटं असत्यात. मग डाव्याचं उजवं हुणारच की.”

दत्तू म्हणाला, “उलटं म्हंजे बोटं मागं फिरत्यात मर्दा, पाय बाजू बदलत न्हाईत! तू भूत न्हवंस. तू भुताचा आरसा हाईस.”

सगळा गाडा हसला. मीही हसलो. अप्पा चहा अर्धा ठेवून उठून गेला. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा चपला घालून आला. तोवर तो कायम अनवाणी असायचा, पाय लोकांच्या नजरेत राहावेत म्हणून.

* * *

त्या सीनला आणखी एक गोष्ट आहे. पाय चालायला लागले की गाणं, बोलणं सगळं बंद पडतं आणि नुसता एक आवाज येतो. घर्रर्रर्र! छातीत वाजतो. पोरं आईच्या पदरात शिरतात. पिक्चर लागला त्या पहिल्या आठवड्यातली काही माणसं म्हणायची, “आम्ही बघितला तवा असला आवाज न्हवता की.” आम्ही म्हणायचो, “तुमचं ध्यान बायकांच्या बाजूला असंल!”

त्या घर्रवर एक प्राध्यापक आले. निर्मात्याच्या पोरांची कोर्टात भांडणं चाललेली, त्यामुळं पिक्चर टीव्हीवर कधी आला नाही. मोबाईलवर जे फिरतं ते कुणीतरी आमच्याच टॉकीजात बसून पडद्यावरनं काढलेलं. प्राध्यापकांनी ते बघून मोठा निबंध लिहिला होता. गाड्यावर बसून आम्हाला वाचून दाखवला. अप्पानं दोनदा जांभई दिली.

“हा केवळ आवाज नाही,” प्राध्यापक म्हणाले. “विस्मरणात ढकललेल्या पित्याचा हा आदिम आक्रोश आहे. दिग्दर्शकानं मौनालाच कंठ दिला आहे.” मग माझ्याकडं वळले. “तुम्ही इतकी वर्षं दारात उभे होता. हा ध्वनी ऐकल्यावर प्रेक्षकांमध्ये नेमकं काय घडायचं?”

“पुढच्या रांगेत पोरं मुतायची,” मी म्हणालो. “नंतर पुसायचं मला लागायचं.”

त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

* * *

मग मुंबईचा एक पोरगा आला, नवा डायरेक्टर. हाच पिक्चर त्याला पुन्हा काढायचा होता. अरे, मेलेला म्हातारा तुम्हाला परत मारायचाय कशाला? पण पोरगं गोड बोलायचं. तांबडा रस्सा पिऊन रडलं, त्यातही म्हणालं, “हे अश्रू त्या पिक्चरसाठी आहेत.”

अप्पा चपला काढून त्याच्यापुढं उभा राहिला. “पाय माझं हुतं त्यात. लागलं तर आजून चालतो.”

“काका, पाय आम्ही कम्प्युटरवर करतोय,” पोरगा म्हणाला.

आला की तो पिक्चर! आम्ही तिघं मॉलमध्ये बघायला गेलो. तिथं भुताच्या पोटावर पावाच्या लादीसारखे चौकोन. मेलेल्या माणसाला व्यायामाला सवड कधी मिळाली? आणि तो घर्र करायला म्हणे परदेशातनं माणूस आणलेला. सगळीकडनं घर्र, खुर्चीच्या खालनंसुद्धा. शेजारचं पोरगं पॉपकॉर्न खात म्हणालं, “मम्मा, कुणाचा तरी फोन व्हायब्रेट होतोय.”

पाय सुरू झाले तशी दत्तू मान एका बाजूला करून आवाज ऐकत बसला. मला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू येईना झालंय.

* * *

यंदा पावसाळ्यात अप्पाचा अंगठा काळा पडला. तोच, उजवा. शुगर होती, चपलेनं घासलं, जखम भरेना. मी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण, हसरा.

“अप्पा, अंगठा काढावा लागेल. नाहीतर पाय जाईल.”

“काढा की,” अप्पा म्हणाला. “पण सर्वपित्री झाल्यावर.”

“इतका उशीर नको. तोपर्यंत का थांबायचं?”

“पुरावा हाय त्यो.”

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं. निर्मात्याच्या पोरांचं भांडण मिटलंय, मुंबईत मूळ निगेटिव्ह सापडलीय, त्यावरनं पिक्चर नवा धुऊन काढलाय. सर्वपित्रीला नाट्यगृहात दाखवणार, आणि त्या पिक्चरात काम केलेल्यांचा सत्कार आहे. डॉक्टरला एकदम हसू फुटलं. त्यानं आवाज बदलून डायलॉग टाकला, “जेवल्याबिगर मी जात न्हाय!”

“मी बी न्हाय जात,” अप्पा म्हणाला.

शेवटी गोळ्या, इंजेक्शन, रोजचं ड्रेसिंग आणि ‘ताप आला तर त्याच क्षणी काढणार’ अशी कबुली घेऊन डॉक्टरनं सोडलं. ऑपरेशन सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी ठरलं.

आम्ही सत्कार कमिटीच्या अध्यक्षाकडं गेलो. अध्यक्ष म्हणजे रेशमी सदरा, दोन मोबाईल आणि मधोमध माणूस.

“काम काय केलंय तुम्ही पिक्चरात?”

“पाय,” अप्पा म्हणाला.

“चेहरा कुठल्या सीनमध्ये आहे?”

“चेहरा न्हाय. पायच.”

अध्यक्ष खुर्चीत मागं रेलला. “अहो आजोबा, असे रोज दहा येतात. बरं, धरू तुमचे पाय. पण पायाचा सत्कार करायचा कसा? शाल कुठं घालायची?”

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. अप्पानं पँट जरा खाली ओढली, पट्टी झाकली, आणि माझ्या आधी पायऱ्या उतरला. उजवा पाय आडवा टाकत टाकत.

रस्त्यात म्हणाला, “पिक्चर तरी बघू.”

* * *

सर्वपित्रीचा दिवस. नाट्यगृह खच्चून भरलेलं. पुढाऱ्याचं भाषण आधी. म्हणाला, “त्या पंगतीत मीही लहानपणी बसलो होतो.” पिक्चर त्याच्यापेक्षा वयानं मोठा आहे! पण टाळ्या पडल्या. मग सत्कार. नटाच्या नातवाला शाल, निर्मात्याच्या पोरांना शाल, ज्याच्या गोठ्यातली म्हैस पडद्यावर दिसते त्याच्या जावयाला शाल. अप्पा माझ्या नि दत्तूच्या मध्ये बसलेला. प्रत्येक नावाला जरासा उठायचा, परत बसायचा.

नाव आलं नाही.

पिक्चर सुरू झाला. काय स्वच्छ! म्हाताऱ्याच्या कानातले केससुद्धा दिसत होते. लोकांनी डायलॉग म्हणून म्हणून घसा बसवला. मग तो सीन आला. भूत रुसलं, वळलं. आख्खं नाट्यगृह गप्प. पुढच्या रांगेतल्या आयांनी पोरांचे कान झाकले.

पाय निघाले. आणि मागं सनई वाजायला लागली. लग्नातली, बारीक, रडवेली सनई.

घर्र नाही!

क्षणभर कुणाला काही कळेना. मग वरनं एकजण ओरडला, “घर्र कुठं हाय?” दुसरा ओरडला, “सनई कुणी घातली रं? आमचं भूत बिघडीवलं मुंबईवाल्यांनी!” खुर्च्या वाजल्या, शिट्ट्या सुटल्या. प्राध्यापकसुद्धा उभे राहून काहीतरी म्हणत होते, पण ते नेहमीसारखं कुणाला कळलं नाही. अध्यक्षानं घाबरून पिक्चर थांबवायला लावला. पडद्यावर ते पाय थबकले, भिंतीएवढे मोठे.

नाट्यगृहात सगळे आवाजावरनं भांडत होते. पायाकडं फक्त आम्ही तिघं बघत होतो.

नख नसलेला अंगठा उजव्या पायाचा होता.

अप्पानं खाली वाकून चपला काढल्या.

मी दत्तूकडं बघितलं. दत्तूचं तोंड उघडं. “पयल्या आठवड्यात तुटली हुती हितं,” तो पुटपुटला. “पब्लिक बोंबलत हुतं. घाईत जोडली.” मग, “उलटी जोडली तर आवाजाची पट्टी पल्याडच्या कडंला जाती. मशीनला गाणं घावत न्हाय. नुसती फिल्मच्या कडंची भोकं वाजत्यात. घर्रर्र.”

एवढं बोलून तो उठला आणि रांगेतल्या लोकांचे पाय तुडवत स्टेजकडं निघाला. अध्यक्ष माईकवर “शांतता, शांतता” करत होता. दत्तूनं माईक हिसकावून घेतला आणि वर केबिनकडं बघून ओरडला, “ये पोरा! सनई बंद कर! पाय पयल्यापासनं सोड!”

पोरानं आवाज बंद केला. पाय पुन्हा निघाले. दत्तूनं माईक ओठाला लावला, डोळे मिटले आणि गळ्यातनं काढला. घर्रर्रर्रर्र! हुबेहूब. पुढची पोरं किंचाळली. पाय धुक्यात दिसेनासे होईपर्यंत म्हाताऱ्यानं श्वास सोडला नाही. नाट्यगृह असं फुटलं की छताची धूळ पडली. “दत्तूमामा! दत्तूमामा!” पुढारी धावत आला, अध्यक्षानं शिल्लक राहिलेली शाल उघडली आणि दत्तूच्या खांद्यावर टाकायला गेला.

दत्तूनं त्याचा हात धरला. धाप लागली होती त्याला. माईकमध्ये म्हणाला,

“आवाज माझा. चुकीचा. पाय ह्येचं हाईत. बरोबर हाईत.” आणि आमच्या रांगेकडं बोट केलं. “शिवाप्पा, ये मर्दा वर.”

अप्पा अनवाणी गेला. पायऱ्यांना वेळ लागला, पण मी हात दिला तो त्यानं घेतला नाही. स्टेजवर जाऊन लोकांकडं तोंड करून उभा राहिला. मागं पडद्यावर मोकळी ओली माती.

अध्यक्ष शाल हातात धरून त्याच्याकडं बघत राहिला.

अप्पानं उजवा पाय पुढं केला.